पगडी मांडीवर, मशीन दिवाणात

तरसाली, बडोदे
बुधवार, दुपार

प्रिय हिंमतराव,

दिवाणाच्या पेटीत, हिवाळ्याच्या रजयांखाली, तुमचं श्वासाचं मशीन सापडलं म्हणून हे पत्र लिहिते आहे. नळी नीट वेटोळी करून ठेवलेली, मास्क त्याच्या पिशवीत, त्यावर मोठा टॉवेल आणि सगळ्यावर रजईची चौकोनी घडी. लग्न झाल्यापासून या घरात तुम्ही एका रजईची घडी घातलेली मी पाहिलेली नाही. म्हणजे मनात आलं की घालता येते. हेही मला या वयात कळलं.

तुमचं नाव मी तोंडाने घेत नाही, पत्रात घेते. तुम्ही नोकरीच्या सुरुवातीला कांडल्याला होतात तेव्हाही पत्रात घ्यायची, आणि ते वाचून बरं वाटतं असं तुम्हीच म्हणाला होतात. आज तसं वाटून घेऊ नका. हे फोनवर बोलता येण्यासारखं नाही. तुमचा फोन स्पीकरवर असतो, समोर यशराज असतो, नवी सून असते, आणि तुम्ही ‘आम्ही मजेत, तू गोळ्या घेतेस ना?’ एवढं विचारून फोन दुसऱ्याच्या हाती देता. हे पत्र दुसऱ्याच्या हाती देऊ नका. चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा.

तुमच्या विमानातल्या पराक्रमाची बातमी मला कुठे मिळाली ते ऐका. खंडेराव मार्केटात, सुरणाच्या ढिगासमोर. मागच्या सोसायटीतल्या दिनकररावांच्या पत्नी भेटल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, ‘काय हो, साहेबांना आता बरं आहे ना? आमची देवश्री अजून म्हणते, आई, मी तर हातपाय गाळले होते.’ मी म्हटलं, कोण साहेब? त्यांनी जीभ चावली आणि म्हणाल्या, ‘काही नाही हो, सहज.’ औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात मी सारी नोकरी काढली. एखाद्या बॅचमध्ये काय बिघडलं आहे ते मला यंत्राच्या आधी माणसाच्या ‘काही नाही हो’वरून कळायचं. सुरण तिथेच ठेवला, त्यांना बाजूच्या ओट्यावर बसवलं आणि सगळं काढून घेतलं. लेकीला वचन दिलं होतं म्हणे, कुणाला सांगणार नाही असं. देवश्रीला ते वचन कुणी घ्यायला लावलं हे मी विचारलं नाही. दिल्ली ते टोरांटो शेजारच्या खुर्चीत कोण होतं ते मला कळलंच होतं.

तर आता मी तुम्हाला तुमचाच प्रवास सांगते, कारण त्यातला बराच भाग तुम्हाला माहीत नाही. जेवणाचे ट्रे गेले, दिवे मंद झाले, आणि तुम्ही मांडीवर पगडीचा तो गोल डबा घेऊन ताठ बसलात. देवश्रीला म्हणालात, ‘तू झोप बाळ, मी जागाच राहणार आहे.’ जागे राहणार होतात! घरी बातम्यांचे मथळे संपेपर्यंत तुमचे डोळे उघडे राहत नाहीत, आणि तुम्ही अर्धी पृथ्वी ओलांडेपर्यंत जागे राहणार होतात. मग घोरणं सुरू झालं. मागच्या रांगेतल्या कुणीतरी नक्कल केली, चार माणसं हसली. देवश्रीही हसली, तसं तिने आईला खरं खरं सांगितलं. मग घोरणं थांबलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. त्या ओट्यावर बसून हे वाक्य मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. कारण ते थांबणं म्हणजे काय, हे त्या भरलेल्या विमानात कुणालाच माहीत नव्हतं. घोरणं थांबलं की लोकांना वाटतं, माणसाला गाढ झोप लागली. मला विचारा काय लागतं ते.

तुम्ही गुदमरून दचकलात, पुरते जागे न होताच मान पुन्हा छातीवर पडली. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्या वेळी देवश्रीने समोरच्या छोट्या दिव्यात तुमचे निळे पडलेले ओठ पाहिले आणि तिचं हसू गेलं. तिने हलवलं, हाका मारल्या, बटण दाबलं. विमानातल्या मुली धावत आल्या, ऑक्सिजन लावला, कुणी डॉक्टर आहे का म्हणून घोषणा झाली. आणंदचे एक डॉक्टर पुढे आले. त्यांनी तुमची मान नि पोट पाहूनच विचारलं, ‘काका, रात्री मशीन लावता का?’ तुम्ही म्हणालात, ‘लावतो, पण ते मोठ्या सामानात गेलं.’ हे खोटं तुम्ही तोंडावर ऑक्सिजन असताना बोललात, जो माणूस तुमचा जीव वाचवत होता त्याच्याशी. आणि त्याच्याही आधी, डोळे उघडल्याबरोबर, तुमचा पहिला शब्द काय होता? ‘डबा?’

डबा देवश्रीच्या मांडीवर होता. पोरगी आपल्यातली. त्यात काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं, पण तुम्ही तो ज्या तऱ्हेने धरला होता त्यावरून तो पायाशी ठेवायचा नाही एवढं तिला कळलं. एवढ्या गोंधळात तिने तो दोन्ही हातांनी उचलून धरला होता. तिचे मी आभार मानणार आहे, पण डब्यासाठी नाही.

टोरांटोला विमानाच्या दाराशी तुमच्यासाठी चाकांची खुर्ची आणली होती. तुम्ही यशराजला सांगितलंत, जरा चक्कर आली. यशराजने मला सांगितलं, प्रवास छान झाला. बाप तसा लेक. मार्केटातून घरी आले ती पिशव्या न ठेवताच यशराजला फोन लावला. तिकडे पहाट असेल, असू दे. तो झोपेत म्हणाला, ‘आई, बाबांनी मशीन आणलंच नव्हतं. मी इथे भाड्याने घेतलंय. तुला माहीत नाही?’ मग मी घर पालथं घातलं. माळा, कपाट, देवघराखालचा खण. दिवाण शेवटी, कारण त्यावर मी रोज झोपते. गेला महिनाभर मी तुमच्या श्वासावर अंथरूण घालून झोपत होते.

तुम्ही काय केलंत ते मला आता नीट कळलं आहे. पगडीचा गोल डबा मी मोठ्या बॅगेत ठेवला होता, दोन शालींच्या मध्ये, वर यशराजचा फेटा. तुम्ही म्हणालात, पगडी सामानात जात नाही, तिथे वर कुणाची काय काय पादत्राणं येतील. मी म्हटलं, शाली आहेत, काही होत नाही. तुम्ही गप्प बसलात आणि मी मूर्खासारखी ते मान्य झालं असं समजले. निघायच्या दिवशी मी देवापाशी दिवा लावत होते तेवढ्या वेळात तुम्ही केबिन बॅगेतलं मशीन काढलंत आणि त्या जागी डबा बसवलात. बसलाही बरोबर. वजन फारसं बदललं नाही. हरणीला विमानतळाच्या काचेतून मी तुम्हाला बॅग ओढत ताठ मानेने आत जाताना पाहिलं आणि मनात म्हटलं, चला, या वेळी ऐकलं.

आता हे वाक्य दोनदा वाचा. मशीन हातातल्या सामानात मोजतच नाहीत. ते औषधोपचाराचं साधन आहे, हातातल्या बॅगेशिवाय वेगळं नेऊ देतात. विमान कंपनीने मला तसं लेखी कळवलं होतं. ते मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं, तुम्ही तेव्हा दाढी करत होतात आणि ‘हं’ म्हणालात. मशीन त्याच्या स्वतःच्या काळ्या पिशवीत खांद्याला लावून नेलं असतं, तर पगडीही हातात गेली असती आणि मशीनही. दोन्ही गेलं असतं! निवड करायची वेळच नव्हती. पण खांद्याला लावलं असतं तर काउंटरवरच्या मुलीने विचारलं असतं, ‘अंकल, यह क्या है?’ आणि मागच्या रांगेने उत्तर ऐकलं असतं. तपासणीत ते ट्रेमध्ये उघडं ठेवावं लागलं असतं. म्हणून तुम्ही म्हणालात, खांद्याला नको, बॅगेतच घाल, कुणाला दिसायला नको. तेवढी सूट मी दिली, आणि तुम्ही त्या सुटीतून पार पळून गेलात.

किती दिवस खपले होते मी त्या प्रवासासाठी. विमानात प्लग असतो पण तो चालेलच असं नाही, म्हणून वेगळी बॅटरी. ती बॅटरी विमानात चालते का, म्हणून कंपनीशी पत्रव्यवहार. डॉक्टरांचं पत्र, त्यावर शिक्का. खिडकीची जागा, म्हणजे नळीत कुणाचा पाय अडकायला नको. पाण्याची डबी काढून टाकायची, कारण विमान हललं की पाणी नळीत शिरतं. त्या जागी बसवायचं कोरडं झाकण बडोद्यात मिळेना, ते अहमदाबादहून मागवलं. माझा व्हिसा वेळेत आला नाही, मुलाचं लग्न मला फोनच्या पडद्यावर पाहावं लागलं, त्याचं दुःख मी केलं नाही. मी म्हटलं, निदान हे नीट पोचतील. माझी सारी तयारी रजयांखाली आणि तुम्ही मांडीवर पगडी घेऊन आकाशात.

तुम्हाला या मशीनची लाज वाटते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुमच्या घराण्यात घोरणं हे कौतुकाचं होतं. आबासाहेब घोरायला लागले की वाडीत चोर फिरकत नाही, हे मी सून म्हणून आले त्या आठवड्यात ऐकलं, आणि सांगणारे सगळे हसत होते. संस्थानच्या पागेतले शिलेदार, त्यांचं घोरणंही घोड्याच्या टापांसारखं, असं तुमचे काका म्हणायचे. त्यात तुम्ही खतांच्या कारखान्याचे सुरक्षा अधिकारी, गेटवर शिट्टी न वाजवता नुसत्या नजरेने ट्रक थांबवणारे. अलकापुरीच्या गरनाळ्यात, त्या रेल्वेखालच्या बोगद्यात, गाडी चालवताना तुम्ही भर गर्दीत झोपलात आणि पुढच्या रिक्षाला धडकलात, तेव्हा कुठे तपासणीला तयार झालात. तिथेही अंगाला तारा लावून रात्रभर निजल्यावर सकाळी डॉक्टरांशी वाद घातलात. ते म्हणाले, तुमचा श्वास झोपेत वारंवार अडकतो. तुम्ही म्हणालात, ‘मी परेडला सगळ्यात पुढे असायचो.’ डॉक्टर म्हणाले, ‘काका, परेड जागेपणी असते.’ त्या डॉक्टरांवर माझा तेव्हापासून विश्वास बसला.

मग मिशी. मास्क मिशीवर नीट बसत नाही, हवा सुटते, शीळ वाजते. डॉक्टर म्हणाले, थोडी बारीक करा. तुम्ही असं पाहिलंत जसं त्यांनी पागाच विकायला सांगितली. मी मापं घेत हिंडले, तोंड आणि नाक दोन्ही झाकणारा मोठा मास्क शोधून आणला. खोलीचं दार बंद असेल तरच तो लावायचा, ही तुमची अट. दूधवाल्याने बेल वाजवली की आधी मास्क उशीखाली. यशराज सुट्टीला आला होता तेव्हा तर तुम्ही त्याच्यासमोर लावायला नको म्हणून हॉलमध्ये खुर्चीवर बसून रात्र काढलीत. मुलासमोर! त्याच वेळी मी बोलायला हवं होतं ते आता बोलते. तुम्हाला मरणाची भीती वाटत नाही, हे घराण्याचं शौर्य म्हणून मिरवू नका. तुम्हाला लोकांच्या हसण्याची भीती वाटते. मागच्या रांगेतल्या एका नकलाकाराची.

आणि ती पगडी. तिच्याबद्दल मी आजवर अवाक्षर काढलं नाही. तिला जमिनीवर ठेवायचं नाही, तिच्याकडे पाय करायचे नाहीत, दोन्ही हातांनी उचलायची. मी सगळं पाळलं, दर दसऱ्याला तिची पूजा केली, तिला कसर लागू नये म्हणून लवंगा बदलल्या. पण ती मी पहिल्यांदा नीट कधी पाहिली, ते तुम्हाला आठवतं का? आबासाहेब गेले तेव्हा. दुपारी जेवून आरामखुर्चीत पडले, नेहमीसारखे घोरले, मग थांबले. आम्ही सगळे म्हणालो, आज शांत झोप लागली. चहाच्या वेळेला मी कप घेऊन गेले. साठीही नीट उलटली नव्हती. येणारा प्रत्येक जण हात जोडून म्हणाला, पुण्यवान माणूस, झोपेत गेला. तेराव्या दिवशी तुम्हाला पाटावर बसवून ती पगडी तुमच्या डोक्यावर ठेवली. तुम्हाला ती मोठी झाली. पार भुवयांवर आली, आणि ती सावरायलासुद्धा तुम्ही हात वर केला नाहीत. यशराज तेव्हा माझ्या पोटात होता. दाराच्या आडून मी तुमच्याकडे पाहत होते.

आपल्या घरात ती पगडी दोनच वेळा डोक्यावर चढते. लग्नाला आणि तेराव्याला. तिसरं काम तिला नाही. तुम्ही ती पहिल्या कामासाठी नेलीत आणि दुसऱ्या कामाच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन परत आणलीत. थोडक्यात चुकलं, नाहीतर यशराजच्या डोक्यावर ती चढलीच असती, पण ठेवणारा हात दुसऱ्याच कुणाचा तरी असता. आणि लोक मला म्हणाले असते, पुण्यवान माणूस, झोपेत गेला, तेही आकाशात. ते ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. सांगून ठेवते.

इकडची बातमी म्हणाल तर ठीक आहे. वरच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा पाण्याची टाकी वाहू दिली, मी जाऊन बोलले. यशराज-भक्तीचा लग्नातला फोटो मोठा करून घेतला, हॉलमध्ये लावला. पगडी यशराजला शोभली, तुमच्यासारखी भुवयांवर आली नाही. भक्ती मला रोज फोन करते, मराठी तिची थोडी अडखळते, मनाने चांगली आहे. तुम्ही रात्री खोलीला आतून कडी लावता हेही तिनेच सांगितलं, तिला काही वावगं वाटलं नाही, ती म्हणाली बाबांना प्रायव्हसी आवडते. मी म्हटलं, हो, फार.

आणि आता सोसायटीत जे झालं ते माझ्याकडूनच ऐका, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळायला नको. गेल्या शनिवारी संध्याकाळी मी तुमचं मशीन घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले, जिथे बायका बसतात. बॅटरी जोडली, मास्क लावला, पट्टे ओढले आणि बाकावर ताठ बसले. बॅटरी तपासायची होतीच. दुसरंही काही तपासायचं होतं. जयाबेन धावत आल्या, ‘कुसुमबेन, आ शुं पहेर्युं छे? तबियत तो सारी छे ने?’ मी हातानेच सांगितलं, सारी छे, बसा. मास्कमध्ये बोलता येत नाही, हे किती सोयीचं आहे ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. एक लहान मुलगी समोर उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, ‘बा हाथी बनी गया!’ सगळ्या हसल्या. मीही हसले, मशीनने जोरात हवा सोडली, मग त्या अजून हसल्या. थोड्या वेळाने हसणं संपलं. लोकांना एका गोष्टीवर किती वेळ हसता येतं, हे मला पाहायचंच होतं. चहा येईपर्यंत सुद्धा टिकत नाही. मग त्यांनी कैरीच्या लोणच्याची चर्चा सुरू केली आणि माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी तिथे अंधार पडेपर्यंत बसले. जिवंत वर आले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे ते निवृत्त बँकवाले, तुमच्याशी कधी नीट न बोललेले, दाराशी आले. बायको खाली देवळात गेली आहे याची खात्री करून मग बेल वाजवली. तपासणी कुठे होते, मशीन कितीला येतं, आवाज होतो का, सगळं विचारलं. त्यांना दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं म्हणे डॉक्टरांनी. जाताना म्हणाले, ‘तमे नीचे बेठां, एटले हिंमत आवी.’ मला खाली बसलेली पाहून हिंमत आली म्हटल्यावर मी त्यांना तुमचं नाव सांगून चहा पाजला.

आता खरं कारण. मशीन सापडलं म्हणून पत्र लिहिते असं मी वर लिहिलं. ते खरं आहे, पण नुसतं मशीन सापडलं असतं तर मी ते टोरांटोला निघालेल्या अमोघच्या हाती पाठवून दिलं असतं आणि तुम्ही परतल्यावर समोरासमोर बोलले असते. पण रविवारी यशराजचा फोन आला. फार गोड बोलत होता, तेव्हाच मी सावध झाले. म्हणाला, ‘आई, आम्हाला वाटतं बाबांनी आता इतका लांबचा प्रवास करू नये. इथल्या डॉक्टरांनीही नको म्हटलंय. तुझा व्हिसा येतोच आहे, तूच इकडे ये, कायमची. तरसालीचा फ्लॅट काढून टाकू.’ मी विचारलं, डॉक्टरांचं नाव काय? तो अडखळला. मी विचारलं, कधी दाखवलंत? मग तो म्हणाला, ‘आई, मी दाखवलं नाही. बाबांनीच सांगितलं तसं सांग म्हणून.’ मागे तुम्ही खोकलात. तो खोकला मी ओळखते. मी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, मशीन लावून खुशाल उडू द्या. मनाई डॉक्टरांनी केलेली नाही, तुम्ही केली आहे. विमानभर अनोळखी माणसांनी तुम्हाला एक रात्र मास्कमध्ये पाहू नये, म्हणून तुम्ही बडोदं सोडायला निघालात. सुरसागर तळ्याचा सकाळचा फेरा, दसऱ्याची पूजा, तुमचे ते शाखेचे आणि पत्त्यांचे सोबती, आणि मी. मला न विचारता. मुलाच्या तोंडून. माझी वस्तू जुन्या सामानाबरोबर विकायला काढल्यासारखी. मी येणार नाही, हिंमतराव. व्हिसा आला तर पाहुणी म्हणून येईन, सुनेच्या हातचं जेवेन आणि परतेन. राहणार इथेच, याच दिवाणावर. तुमचं परतीचं तिकीट रद्द झालेलं नाही, मी कंपनीला विचारलं आहे. खिडकीची जागा पुन्हा मागून घेतली आहे, आणि मशीन लावणार आहात हेही त्यांना कळवून टाकलं आहे, म्हणजे आता ते तुम्हाला विचारतीलच. जेवण झालं की मास्क लावायचा, दिवे मंद व्हायच्या आधी, सगळ्यांच्या देखत. कुणी बघितलं तर बघू दे. कुणी हसलं तर चहा येईपर्यंत हसेल. पगडी यशराजकडेच ठेवून या. आता ती त्याची आहे, आणि तुमची मांडी मोकळी असलेली बरी. मी हरणीला काचेच्या अलीकडे उभी असेन. मशीन किती वेळ चाललं हे त्याच्या पडद्यावर दिसतं. आधी मी ते पाहीन, मग तुमच्याकडे.

तुमचीच, आणि म्हणूनच रागावलेली,
कुसुमावती

ता. क. संध्याकाळी अलकापुरीत स्नेहलताच्या घरी, पाकीट बंद करण्यापूर्वी. कारखान्याची सवय जात नाही, दिलेल्या वस्तूंची नोंद असावी. स्नेहलताचा जावई अमोघ परवा टोरांटोला कामासाठी निघतो आहे, त्याच्या हाती दिलं ते असं: श्वासाचं मशीन त्याच्या काळ्या पिशवीत, खांद्याचा पट्टा लावून, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात तुमचं नाव आणि ‘औषधोपचाराचं साधन’ असं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेलं कापड शिवून. नळी. मोठा मास्क, नव्या पट्ट्यांसह, मिशीला धक्का न लागणारा. बॅटरी, पूर्ण भरलेली. कोरडं झाकण, मशीनला बसवलेलं. डॉक्टरांचं नवं पत्र. विमान कंपनीचं पत्र, मशीन मोजत नाहीत त्या ओळीखाली रेघ मारून. अमोघला मास्क लावून दाखवला, त्याच्या सासूसमोर त्याने तो एकदा स्वतः लावून पाहिला. हे पत्र.

पाण्याची डबी दिलेली नाही. विमानात ती लागत नाही. ती घरी धुऊन, तुमच्या उशाशी पालथी ठेवली आहे.